तापलेले ग्राफिक्स कार्ड : उष्णता कोठे तुंबली?

समजा अलोरे येथील एका घरात घडलेली ही गोष्ट आहे. पावसाळा संपून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला आहे. घरात एक संगणक आहे. थोरल्या भावाने दोन वर्षे पैसे साठवून तो जोडून घेतला. त्यावर तो त्रिमितीय चित्रे काढायला शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी खेळही खेळतो. गेल्या आठवड्यापासून मात्र खेळ सुरू करून दहा-पंधरा मिनिटे झाली, की आतले पंखे घोंघावू लागतात आणि पडद्यावरचे चित्र अडखळू लागते. दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी दूरध्वनीवरच निदान सांगून टाकले, "ग्राफिक्स कार्ड गेलं. नवीन घ्या." अशा संगणकात सर्वांत महाग भाग पुष्कळदा हे कार्डच असते. भावाचा चेहरा उतरला.

दहावीत शिकणाऱ्या बहिणीने ही हकिकत आजोबांच्या कानावर घातली. आजोबांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पाच्या विद्युतगृहात झालेली.

"आजोबा, दादाचं कार्ड फार तापतं. बदलायला हवं म्हणतात."

"तापणारच गं! वीज खातंय ना ते? तापलं म्हणजे बिघडलं असं नव्हे. ती उष्णता बाहेर कोणत्या वाटेनं जाते आणि वाटेत कुठं तुंबते, ते पाहिलंत का तुम्ही?"

आजोबांचा प्रश्न अगदी योग्य होता. नवीन कार्ड आणून बसवले आणि उष्णता तुंबण्याची जागा तशीच राहिली, तर तेही तापेल, आणि पैसे मात्र जातील. म्हणून या लेखात आपण हीच तुंबण्याची जागा शोधण्याची रीत पाहू. तिला शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानापेक्षा अधिक काही लागत नाही.

वीज आत, उष्णता बाहेर

ग्राफिक्स कार्ड करते तरी काय? संगणकाच्या पडद्यावरील चित्र लहान लहान ठिपक्यांचे बनलेले असते. पडद्याच्या रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके असतील, तर एकूण ठिपके होतात २० लाख ७३ हजार ६००. खेळातील हालचाल सलग दिसावी म्हणून चित्र दर सेकंदाला ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, याचे गणित करायचे! हे काम एकट्याने उरकणे शक्य नाही. म्हणून कार्डावरील मुख्य चिपमध्ये शेकडो किंवा हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात.

हे गणक कोट्यवधी सूक्ष्म विद्युत् खटक्यांचे म्हणजे ट्रान्झिस्टरांचे बनलेले असतात. खटका चालू-बंद होताना थोडा विद्युत्‌भार आत येतो आणि बाहेर जातो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. एका खटक्याची उष्णता नगण्य असते. पण कोट्यवधी खटके सेकंदाला अब्जावधी वेळा हलू लागले, की ती नगण्य राहत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. विजेची मोटर पाणी उपसते, तेव्हा विजेचा मोठा भाग पाणी वर चढवण्याच्या कार्यात खर्च होतो आणि थोडाच उष्णता बनतो. ग्राफिक्स कार्ड असे कोणतेही ओझे उचलत नाही. त्यात शिरलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णताच होते. १८० वॅट वीज घेणारे कार्ड म्हणजे १८० वॅटची शेगडीच होय. कार्ड उत्तम स्थितीत असले तरी ही उष्णता निर्माण होणारच.

ही उष्णता किती लहान जागेत निर्माण होते तेही पाहा. चिपचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून ६० वॅट बाहेर पडतात. कपड्यांची १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट होतात. म्हणजे या चिपच्या पृष्ठभागातून इस्त्रीच्या बारापट दाटीने उष्णता वाहते. ती सतत वाहून नेली नाही, तर काही सेकंदांत चिप निकामी होईल.

पाण्याची वाट आणि उष्णतेची वाट

आता क्षणभर घराबाहेर येऊ. अलोरे हे चिपळूण तालुक्यातील गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. घाटमाथ्यापलीकडे कोयना नदीवर धरण बांधून शिवाजीसागर जलाशय केला आहे. त्याचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळी येथील भूमिगत विद्युतगृहात सोडतात. तेथे वीज निर्माण करून झाली, की ते पाणी वाया जाऊ न देता कोळकेवाडी धरणाच्या जलाशयात अडवतात. तेथून ते पुन्हा खाली उतरते ते अलोरे येथील तिसऱ्या टप्प्याच्या विद्युतगृहात. १९७५ ते १९७८ या काळात तेथील प्रत्येकी ८० मेगावॅटचे चार संच चालू झाले. शेवटी हे पाणी वाशिष्ठी नदीला मिळते आणि चिपळूणवरून समुद्राकडे जाते.

पाणी या वाटेने टप्प्याटप्प्याने उतरते. समजा, पोफळीकडून पाणी येतच आहे आणि अलोऱ्याचे संच मात्र बंद आहेत. मग काय होईल? मधल्या कोळकेवाडी जलाशयाची पातळी चढू लागेल. पातळी चढली याचा अर्थ वरचे धरण बिघडले असा होत नाही. खालची वाट अडली आहे, एवढाच तिचा अर्थ.

उष्णतेचेही असेच असते. पाण्याच्या पातळीच्या जागी तापमान घ्या आणि दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या जागी वॅट घ्या. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते, तशी उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. वाट अडली, की अडथळ्याच्या वरच्या अंगाला तापमान चढते आणि खालच्या अंगाला ते चढत नाही. म्हणून तापमानाची मोठी पायरी जेथे आढळेल तेथे अडथळा आहे असे समजावे.

उष्णतेसाठी ओहमचा नियम

विद्युत्‌मंडलासाठी तुम्ही ओहमचा नियम शिकला आहात. विद्युत्‌धारेला रोधाने गुणले की विभवांतर मिळते. उष्णतेसाठीही अगदी तसाच नियम लिहिता येतो :

तापमानातील फरक = उष्णतेचा प्रवाह (वॅट) × उष्णता-रोध

म्हणजे उष्णता-रोधाचे एकक झाले 'अंश सेल्सियस दर वॅट'. ०.२ रोध असलेल्या वाटेतून १८० वॅट उष्णता न्यायची असेल, तर दोन्ही टोकांच्या तापमानांत १८० × ०.२ = ३६ अंशांचा फरक पडेल. त्या वाटेवर धूळ बसून रोध ०.३ झाला, तर तेवढ्याच उष्णतेसाठी फरक ५४ अंश होईल.

या लहानशा सूत्रात आपल्या प्रश्नाची सर्व उत्तरे आहेत. चिपचे तापमान कमी करायचे तर तीनच मार्ग आहेत : वाटेचा रोध कमी करणे, उष्णतेचा प्रवाह कमी करणे, किंवा वाटेच्या शेवटी असलेली खोली थंड करणे. चौथा मार्ग नाही.

वाटेवरील टप्पे

चिपमधून निघालेली उष्णता खोलीतील हवेत पोहोचेपर्यंत पुढील टप्प्यांतून जाते.

पहिला टप्पा चिप आणि तिच्यावर दाबून बसवलेला धातूचा ठोकळा यांच्यामधील सांध्याचा. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतात. ते केवळ उंचवट्यांवर टेकतात आणि मधल्या खळग्यांत हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे १५ हजार पटींनी चांगले उष्णतावाहक आहे. तेव्हा हवेचा अगदी पातळ थरही मोठा अडसर होतो. तो काढण्यासाठी खळग्यांत एक मलमासारखी पेस्ट भरतात. ही पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली वाहक असली, तरी तांब्यापेक्षा पुष्कळच वाईट असते. म्हणून ती खळगे भरण्यापुरतीच हवी. काही वर्षांनी ती सुकते किंवा कडांकडे सरकते, आणि हवा पुन्हा आत शिरते.

दुसरा टप्पा उष्णतानळ्यांचा. पुष्कळ कार्डांत ठोकळ्यापासून पातळ पट्ट्यांपर्यंत तांब्याच्या बंद नळ्या नेलेल्या असतात. नळीत कमी दाबाखाली थोडेसे पाणी असते. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून ते पाणी परत येते. बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता अशी पुढे पोहोचवली जाते.

तिसरा टप्पा पट्ट्या आणि हवा यांचा. पट्ट्या पुष्कळ आणि पातळ असल्याने हवेला टेकणारे क्षेत्रफळ वाढते, आणि पंखे त्यांच्यामधून हवा ढकलतात. धूळ बसते ती नेमकी याच फटींत.

चौथा टप्पा संगणकाच्या पेटीचा, म्हणजे कॅबिनेटचा. पट्ट्यांमधून निघालेली गरम हवा पेटीबाहेर गेली पाहिजे आणि बाहेरची थंड हवा आत आली पाहिजे. तसे झाले नाही, तर कार्डाचे पंखे तीच गरम हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतात.

हवेचे किती काम असते, तेही मोजून पाहू. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापायला सुमारे १००० ज्यूल उष्णता लागते. १८० वॅट म्हणजे सेकंदाला १८० ज्यूल. ती वाहून नेताना हवा १० अंशांनीच तापावी असे वाटत असेल, तर सेकंदाला १८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १६ लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. हवा निम्मीच गेली, तर ती २० अंशांनी तापेल. हेच काम पाण्याला दिले, तर सेकंदाला चार-सव्वाचार ग्रॅम पाणी पुरेल!

जलविद्युत् केंद्रातील मोठ्या जनित्रांत याच गुणाचा उपयोग करतात. ८० मेगावॅटच्या जनित्राची कार्यक्षमता ९८ टक्के धरली, तरी सुमारे १.६ मेगावॅट उष्णता होते. १८० वॅटच्या जवळजवळ नऊ हजार कार्डांची ही उष्णता झाली. अशा जनित्रांत साधारणतः आतील हवा बंद वाटेने वेटोळ्यांवरून फिरवतात, आणि तापलेली हवा थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून नेऊन निववतात. वेटोळी आणि धारवे यांची तापमाने नियमाने टिपून ठेवतात. तापमान मर्यादेत असले तरी ते रोजच्यापेक्षा चढे दिसले, तर जाणकार मनुष्य लगेच सावध होतो. आजोबांनी नातीच्या हाती आधी एक वही दिली, ती याच सवयीने.

आधी नोंद, मग दुरुस्ती

संगणकाने स्वतःची तापमाने मोजलेलीच असतात. चिपमध्ये तापमापक असतात. विंडोज प्रणालीच्या २०२० नंतरच्या आवृत्त्यांत टास्क मॅनेजर उघडल्यास बहुतेक स्वतंत्र कार्डांचे तापमान दिसते. जीपीयू-झेडसारख्या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत पंख्याची गती आणि पुष्कळ कार्डांच्या बाबतीत खर्च होणारे वॅटही दिसतात. वॅट दिसत नसतील, तर वरची मर्यादा अशी काढता येते. ज्या खाचेत कार्ड बसते तिच्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि आठ टाचण्यांच्या नेहमीच्या एका वेगळ्या जोडणीतून १५० वॅट. अशी एकच जोडणी असेल, तर कार्डाचा खर्च साधारणपणे २२५ वॅटच्या आत असला पाहिजे.

किती तापमान योग्य? काम करताना ६५ ते ८५ अंश सेल्सियस हे नेहमीचे समजावे. बहुतेक चिपांची मर्यादा ९० अंशांच्या आसपास किंवा थोडी वर असते. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीत पाहावा. मर्यादा जवळ आली, की चिप स्वतःच आपली गती कमी करते. चित्र अडखळते ते त्यामुळे. हा बिघाड नव्हे, तो स्वसंरक्षणाचा उपाय आहे. संगणक नुसता चालू असताना कार्डाचे पंखे अजिबात फिरत नाहीत, हे पाहूनही घाबरू नये. पुष्कळ कार्डांत ५०-६० अंशांपर्यंत पंखे मुद्दाम थांबवून ठेवतात.

आता आपल्या उदाहरणातील वही उघडू. खेळ वीस मिनिटे चालल्यावर नोंदी अशा होत्या. खोलीचे तापमान ३१ अंश. पेटीच्या आत, कार्डाच्या पंख्यांजवळील हवेचे तापमान ४७ अंश. ते तार जोडलेल्या लहान अंकीय तापमापकाने मोजले. (काचेचा पाऱ्याचा तापमापक येथे कधीही वापरू नये, फुटला तर पारा यंत्रात जाईल.) चिपचे तापमान ९१ अंश. खर्च १८० वॅट.

या नोंदींवरून पायऱ्या काढू. खोलीपासून पेटीतील हवेपर्यंत १६ अंश, आणि पेटीतील हवेपासून चिपपर्यंत ४४ अंश. संगणकाच्या इतर भागांची उष्णताही पेटीत मिसळते, पण ती आपण सोयीसाठी सोडून देऊ. पेटीतील हवा खोलीपेक्षा १६ अंशांनी गरम, हे जास्तच झाले. म्हणून बहिणीने पेटीच्या बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा घेतली. चिपचे तापमान दहा अंशांनी उतरले! चौथ्या टप्प्यातील अडथळा असा सापडला.

कारण शोधायला वेळ लागला नाही. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून घरातल्यांनी पेटीवर प्लॅस्टिकचे आवरण घातले होते आणि ती टेबलाखालच्या कोनाड्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. पाऊस गेला, आवरण राहिले. समोरची जाळी मोकळी होती, पण गरम हवा बाहेर जाण्याची मागची वाट बंद झाली होती. आवरण काढले, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली, झाकण पुन्हा लावले. आता पेटीतील हवा ३७ अंश आणि चिप ८१ अंश.

पण हवेपासून चिपपर्यंतची ४४ अंशांची पायरी तशीच होती. ती उतरली कार्डाच्या पट्ट्यांत बसलेली लाल माती, कापसासारखी धूळ आणि कोळिष्टके साफ केल्यावर. मग तीच पायरी ३६ अंश झाली आणि चिप ७३ अंशांवर आली. एकूण अठरा अंश उतरले, आणि खर्च एका मऊ ब्रशाचा!

तापमान किती झपाट्याने चढते?

नुसते तापमान पाहून पेस्ट सुकली की धूळ साचली हे सांगता येत नाही. त्यासाठी घड्याळ हाताशी घ्यावे.

समजा, पट्ट्यांचा जुडगा अर्धा किलोग्रॅम ॲल्युमिनियमचा आहे. तो एक अंशाने तापायला सुमारे ४५० ज्यूल लागतात. म्हणजे पंखे पूर्ण बंद असले तरी १८० वॅट उष्णतेने तो सेकंदाला ०.४ अंशानेच तापेल. ३० अंश चढायला सव्वा मिनिट लागेल. तेव्हा खेळ सुरू होताच चिपचे तापमान दोन-तीन सेकंदांत तीस-चाळीस अंशांनी उडी मारत असेल, तर उष्णता पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही हे उघड आहे. अडथळा पहिल्या टप्प्यात, म्हणजे पेस्टमध्ये किंवा सैल झालेल्या स्क्रूंमध्ये असला पाहिजे. तापमान दोन-चार मिनिटे सावकाश चढत असेल, तर पट्ट्या आणि पंखे पाहावेत. पंधरा-वीस मिनिटे चढतच राहिले, तर पेटी किंवा खोली पाहावी.

आणखी एक खूण आहे. काही कार्डे चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यातील सर्वांत तप्त जागेचे तापमान अशी दोन्ही दाखवतात. त्यांत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. तो तीस अंशांच्या पुढे गेला, तर ठोकळा चिपवर सर्वत्र सारखा टेकत नाही असा संशय घ्यावा.

आणि तापमान ७० अंशच असताना संगणक एकाएकी बंद पडला तर? मग उष्णतेला दोष देऊ नये. वीजपुरवठा, सैल जोडणी किंवा दुसरा एखादा भाग तपासावा. नोंद ठेवण्याचा हाही एक फायदा. ती अपराधी दाखवते, तशी निरपराध्याला सोडवतेही.

कोकणची हवा

"आमच्याकडे हवा दमट, म्हणून संगणक तापतो" असे पुष्कळजण म्हणतात. ते कितपत खरे आहे? दमट हवेत आपल्याला उकडते, कारण घाम लवकर सुकत नाही आणि बाष्पीभवनाने मिळणारा थंडावा मिळत नाही. पण ग्राफिक्स कार्डाला घाम येत नाही! त्याला हवेचे तापमान जाणवते, तिचा दमटपणा नव्हे. खोली ३१ ऐवजी ३५ अंशांची झाली, तर पंख्यांची गती व खर्च तेच असताना चिपही जवळजवळ ४ अंशांनीच तापेल.

दमटपणाचा त्रास निराळा आहे. ओलसर धूळ पट्ट्यांना चिकटून बसते, ती सहज उडत नाही. ओलीने धातूचे सांधे गंजतात. आणि वस्तू हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड झाली, तर तिच्यावर पाणी जमते. कोकणात पावसाळी हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असू शकतो. म्हणून बर्फाची पिशवी पेटीजवळ ठेवणे किंवा ओले फडके गुंडाळणे यांसारखे उपाय कधीही करू नयेत. तापमान उतरेल, पण कार्डावर पाणी धरेल आणि विद्युत्‌मंडल जळेल.

उष्णता मुळातच कमी करावी

वाट मोकळी झाल्यावर दुसऱ्या मार्गाकडे वळू. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल आणि कार्ड १५० चित्रे काढत असेल, तर ९० चित्रांचे श्रम फुकट जातात. खेळाच्या मांडणीतच चित्रांच्या संख्येवर मर्यादा घालता येते. आपल्या उदाहरणात ती ६० वर बांधल्यावर खर्च १८० वरून १२० वॅटवर आला. पंखे त्याच गतीने फिरत राहिले असे धरले, तर सूत्रानुसार पायऱ्याही दोन-तृतीयांश होतील : ३१ + ४ + २४ = ५९ अंश. आणि पडद्यावरचे चित्र मात्र होते तसेच!

खटक्यांत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या आणि विद्युत्‌दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून चिपचा दाब १० टक्क्यांनी कमी केला, तर ०.९ × ०.९ = ०.८१, म्हणजे हा खर्च १९ टक्क्यांनी घटतो. जाणकार लोक दाब थोडाथोडा उतरवून, प्रत्येक वेळी चाचणी घेऊन, असे करतात. नवशिक्यांनी मात्र चित्रांच्या मर्यादेवरच समाधान मानावे.

हात लावण्यापूर्वी

संगणक बंद करावा, भिंतीतील बटण बंद करून तार काढावी आणि कार्ड निवू द्यावे. घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवावे. पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत् काढून टाकावी. ओला कपडा वापरू नये. हवेच्या झोताने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. एक तर झोताने पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचा धारवा खराब होतो. दुसरे, बाहेरून फिरवलेली मोटर जनित्रासारखी वागते आणि कार्डात नको तेथे वीज सोडू शकते. विद्युतगृहात पाणी जे काम करते, तेच काम आपण नकळत करून बसतो!

वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक भार शिल्लक असू शकतो. पेस्ट बदलण्यासाठी कार्ड खोलावे लागते. हमीची मुदत बाकी असेल, तर आधी हमीच्या अटी वाचाव्यात आणि हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. त्याच्याकडे जाताना आपली वही मात्र बरोबर न्यावी.

करून पाहा

संगणक नसला तरी वर्गात हा प्रयोग करता येईल. सारखे तीन स्टीलचे पेले घ्या. प्रत्येकात साधारण ६० अंशांचे सारखेच पाणी घालून झाकणे ठेवा. झाकण हवेच; नाहीतर बाष्पीभवनाने पाणी निवेल आणि हिशेब चुकेल. एक पेला पंख्यासमोर ठेवा, दुसरा पंख्याचा वारा लागणार नाही असा उघडा ठेवा, तिसरा प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल गुंडाळून ठेवा. दर दोन मिनिटांनी तिन्ही पेल्यांतील तापमान मोजा आणि आलेखपत्रावर तीन वक्र काढा. कोणत्या पेल्याचा उष्णता-रोध सर्वांत कमी, ते वक्रांचा उतारच सांगेल.

आपल्या गोष्टीतील कार्ड गेले नव्हते. गरम हवेची वाट प्लॅस्टिकच्या आवरणाने अडवली होती, आणि बाकीची धुळीने. बहिणीने वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्यासाठी एक रकाना आखून ठेवला आहे : खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वॅट. खोली आणि वॅट तेच असताना चिपचा आकडा पाच अंशांनी चढला, की ब्रश हातात घ्यायचा. आणि जूनमध्ये पहिला पाऊस आला, की पेटीवर आवरण घालण्याआधी तिने एकच गोष्ट विचारायची आहे : आतली गरम हवा आता जाणार कोठून?